गोड चव, कडू हिशेब

लहानपणी तोंड आलं की अम्मी बोटावर ग्लिसरीन घेऊन जिभेला लावायची. टेंभुर्णीच्या आमच्या घरात कोनाड्यात ती बाटली कायम असे. झोंबायचं, पण गोड लागायचं. म्हणूनच १९८६ साली एस.टी. स्टँडवर पेपरात ती बातमी वाचली, तेव्हा अंगावर काटा आला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूची सूज, डोळ्यातला दाब कमी व्हावा म्हणून ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले होते. त्यात डायइथिलिन ग्लायकॉल होतं. त्यानं मूत्रपिंडं निकामी झाली.

हे विष मुळात एक द्रावक. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड पाण्यात नीट विरघळेना, म्हणून एका कंपनीनं ते याच द्रवात विरघळवून विकलं. शंभराहून अधिक माणसं गेली, तेव्हा कुठं १९३८ साली तिथं कडक कायदा आला.

दोन्ही द्रव रंगहीन, दाटसर, गोड. जिभेला फरक कळत नाही. तो गॅस क्रोमॅटोग्राफी दाखवते. वाफ लांब नळीतून सोडली की एकेक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो.

विद्युतभार असलेल्या औषधांसाठी आणखी एक रीत आहे. १९८१ साली जॉर्गेन्सन आणि लुकाक्स यांनी केसासारख्या बारीक काचेच्या नळीत हजारो व्होल्टचा दाब देऊन रेणू वेगळे केले. पाण्यात न विरघळणाऱ्या पदार्थांची अडचण इथंही होतीच. १९८४ साली वालब्रोल आणि जॉर्गेन्सन यांनी पाण्याऐवजी ॲसिटोनायट्राइल हे सेंद्रिय द्रावक वापरलं आणि वाट निघाली. एका द्रावकानं माणसं मारली, दुसऱ्यानं औषधं पारखायला मदत केली. दोष द्रवाचा नसतो, न तपासता तो बाटलीत भरणाऱ्याचा असतो.

नीरक्षीरविवेक हंसाला जमतो म्हणतात. आपल्याला त्यासाठी प्रयोगशाळा लागते, आणि नमुना तिथवर पोचवणारा प्रामाणिक माणूसही. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं बोट ठेवलं ते खरेदीतल्या आणि तपासणीतल्या माणसांवर.

तरीही २०२५ साली छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या औषधानंतर नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली. त्यातली अनेक परत गेली नाहीत. बाटलीत तेच डायइथिलिन ग्लायकॉल होतं.

अम्मीनं ती बाटली विश्वासानं घेतली होती. तिच्याकडं प्रयोगशाळा नव्हती. ती असायची जबाबदारी दुसऱ्या कुणाची तरी होती.