रेंजफाइंडर कॅमेऱ्याची विशालकोनी भिंगे : २८ मिमी व ३५ मिमी

रेंजफाइंडर कॅमेऱ्याला लावल्या जाणाऱ्या विशालकोनी भिंगांपैकी ३५ मिमी आणि २८ मिमी केंद्रांतराची भिंगे विशेष प्रचलित आहेत. पहिल्याचा आडवा दृश्यकोन सुमारे ५४ अंश, तर दुसऱ्याचा सुमारे ६५ अंश असतो (२४ × ३६ मिमी आकाराची चौकट गृहीत धरून). ५० मिमीच्या सर्वसाधारण भिंगाचा हाच कोन सुमारे ४० अंश भरतो. केवळ कोनांच्या आकड्यांवरून या दोहोंतील निवड करता येत नाही. या प्रकारच्या कॅमेऱ्यात भिंगातून दिसणारे दृश्य छायाचित्रकाराला दिसतच नाही. तो शेजारच्या स्वतंत्र झरोक्यातून पाहतो. त्यामुळे भिंगाची निवड ही पुष्कळ अंशी त्या झरोक्याची, म्हणजे दृश्यदर्शकाची, निवड ठरते.

पार्श्वभूमी

ऑस्कर बार्नाक यांनी रचलेला लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला. त्याचे भिंग ५० मिमीचे व न निघणारे होते. पुढे भिंगे बदलण्याची सोय झाली, आणि १९३२च्या लायका २ या कॅमेऱ्यात अंतरमापक भिंगाशी जोडला गेला. ३५ मिमीचे एल्मार १९३० साली व २८ मिमीचे हेक्टोर १९३५ साली उपलब्ध झाले. मात्र त्या काळच्या लायकाचा दृश्यदर्शक ५० मिमीपुरताच असल्याने विशालकोनी भिंगाबरोबर कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसवायचा वेगळा दृश्यदर्शक विकत घ्यावा लागे. एका झरोक्यातून अंतर जुळवायचे आणि दुसऱ्यातून चौकट ठरवायची, अशी दुहेरी कसरत त्यात होती.

१९५४च्या लायका एम३मध्ये दृश्यदर्शकातच उजळ चौकटरेषा दिसू लागल्या. परंतु त्या ५०, ९० व १३५ मिमीच्या होत्या. ३५ मिमीसाठी या कॅमेऱ्याला चष्म्यासारखी दोन काचांची जोड असलेली खास भिंगे काढावी लागली. नंतरच्या एम२मध्ये दृश्यदर्शकाचे वर्धन ०.९१वरून ०.७२वर आणून ३५ मिमीची चौकट सामावून घेण्यात आली. २८ मिमीला मात्र लायकाच्या दृश्यदर्शकात जागा मिळण्यास १९८० साल उजाडले. एम४-पी या कॅमेऱ्यात ती चौकट प्रथम आली. जुना कॅमेरा विकत घेणाऱ्याने हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण एम२वर २८ मिमीचे भिंग बसते, पण त्याची चौकट दिसत नाही.

दृश्यदर्शकाचा प्रश्न

०.७२ वर्धनाच्या दृश्यदर्शकात ३५ मिमीची चौकट आरामात दिसते व तिच्या बाहेरचाही थोडा परिसर नजरेत राहतो. चौकटीत शिरू पाहणारी सायकल किंवा वासरू आधीच दिसते. रेंजफाइंडरचे खरे वैशिष्ट्य हेच, आणि ३५ मिमीच्या बाजूने हा सर्वांत बळकट मुद्दा होय.

२८ मिमीची चौकट त्याच झरोक्यात अगदी कडेला जाते. डोळा काचेला भिडवल्याशिवाय तिचे चारही कोपरे एकदम दिसत नाहीत, आणि चष्मा लावणाऱ्याला तर डोळा इकडेतिकडे फिरवूनच ते पाहावे लागतात. चाळिशी लागलेल्या माणसाने ही गोष्ट भिंगाच्या तीक्ष्णतेच्या आलेखांपेक्षा अधिक महत्त्वाची मानावी. यावर दोन उपाय आहेत : माथ्यावरचा स्वतंत्र दृश्यदर्शक, किंवा कमी वर्धनाचा कॅमेरा. फोक्टलेंडर बेसा आर४ए व आर४एमचे वर्धन ०.५२ असून त्यात २१ मिमीपर्यंतच्या चौकटी आहेत. वर्धन कमी झाले की अंतरमापकाची अचूकता घटते. पण विशालकोनी भिंगांना तेवढी अचूकता पुरते.

भिंग लांब असेल, किंवा त्याला हूड लावले असेल, तर ते झरोक्याच्या एका कोपऱ्यात आडवे येते. म्हणून मोठ्या छिद्राच्या जड भिंगापेक्षा एफ/२.८ किंवा एफ/२चे आटोपशीर भिंग या कॅमेऱ्यावर अधिक शोभते.

जवळचे दृश्य : घर आणि गल्ली

दृश्याची रुंदी काढण्याचे गणित सोपे आहे : अंतराला ३६ने गुणून केंद्रांतराने भागावे. बुलढाणा तालुक्यातील देऊळघाटसारख्या गावात एखाद्या धाब्याच्या घरातील खोलीत छायाचित्र घ्यायचे आहे आणि मागे सरकून जास्तीत जास्त ३ मीटर अंतर मिळते, असे समजू. ३५ मिमीच्या भिंगात सुमारे ३.१ मीटर रुंदी मावेल, २८ मिमीच्या भिंगात सुमारे ३.९ मीटर. घरातील दोन माणसे अधिक मावतील, एवढा हा फरक आहे. मागे भिंत असताना तो भरून काढण्याचा दुसरा मार्ग नाही.

उघड्यावर उलट घडते. ३५ मिमीने अडीच मीटरवरून माणूस जेवढा मोठा येतो, तेवढाच २८ मिमीने आणायचा तर दोन मीटरपर्यंत जावे लागते. अनोळखी माणसाच्या बाबतीत हे अर्धे पाऊल फार असते. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड रस्त्यावर २८ मिमी वापरत, तर आँरी कार्तिए-ब्रेसाँ मुख्यतः ५० मिमीवर राहिले. दोघांच्या चित्रांतील माणसांशी असलेले अंतर पाहिले की भिंगाचा स्वभाव कळतो. चौकटीच्या कडेला उभ्या माणसाचा चेहरा २८ मिमीमध्ये बाहेरच्या बाजूस ताणला जातो. कुटुंबाच्या समूहचित्रात आजीला टोकाला बसवू नये, ते याचसाठी.

स्पष्टतेच्या खोलीत २८ मिमी सरस आहे. एफ/८ छिद्रावर सुमारे ३.३ मीटरला भिंग स्थिर केले तर साधारण १.६ मीटरपासून अनंतापर्यंत सारे स्पष्ट येते. ३५ मिमीला त्यासाठी ५.१ मीटरवर स्थिरावे लागते व स्पष्टता सुमारे २.६ मीटरपासून सुरू होते. मात्र दोन्ही भिंगे या कॅमेऱ्यावर सामान्यतः ०.७ मीटरपेक्षा जवळ जुळत नाहीत. फूल किंवा शिलालेखातील अक्षरे टिपायची असतील, तर एसएलआर कॅमेराच घ्यावा.

दूरचे दृश्य : लोणार

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेले असून त्याचा व्यास सुमारे १.८ किमी व खोली सुमारे १५० मीटर आहे. ते एका चौकटीत घेण्याच्या आशेने अनेकजण रुंदात रुंद भिंग शोधतात. अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो, हा शालेय भूमितीतील सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. काठावर उभे राहून समोर पाहिले तर डाव्या-उजव्या बाजूच्या आडव्या व्यासाची दोन टोके ९० अंशांचा कोन करतात. तो मावण्यास १८ मिमीचे भिंग लागेल; २८ मिमीच्या ६५ अंशांनीही काम भागत नाही.

शिवाय समोरची १५० मीटर उंचीची कड २८ मिमीच्या फिल्मवर जेमतेम २.३ मिमी उंच उमटते, म्हणजे चौकटीच्या उंचीचा दहावा हिस्सा. उरलेले चित्र आकाश, पाणी आणि पायाजवळची झुडपे यांनी भरते. ३५ मिमीने कॅमेरा समतल धरून दोन चित्रे घेतली, तर एकतृतीयांश भाग सामाईक ठेवूनही ९० अंश पुरे होतात व कडही थोडी मोठी येते. लोणारसाठी २८ मिमी घेण्याचे कारण विवर नसून गावातील दैत्यसूदन मंदिर आहे. तेथे भिंतीजवळून शिल्पांचा सलग पट्टा घेता येतो. फक्त कॅमेरा वर कलवला की उभ्या रेषा आत झुकतात.

मागचे भिंग आणि डिजिटल कॅमेरे

रेंजफाइंडरमध्ये हलता आरसा नसल्याने भिंगाचा मागचा भाग फिल्मच्या अगदी जवळ नेता येतो. त्यामुळे भिंगे लहान व जवळजवळ सममित ठेवता येतात आणि सरळ रेषा सरळ राहतात. सोव्हिएत बनावटीचे ३५ मिमीचे ज्युपिटर-१२ हे झाइसच्या बायोगॉनवर आधारलेले भिंग याचे टोकाचे उदाहरण असून त्याची मागची काच कॅमेऱ्यात खोलवर शिरते. असे भिंग बसवण्यापूर्वी ते आतील भागांना घासत नाही ना, हे पाहावे.

अशा रचनेत कोपऱ्यांत प्रकाश कमी पडतो. कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताच्या नियमाने ३५ मिमीला कोपऱ्यात मध्याच्या सुमारे ५२ टक्के, तर २८ मिमीला सुमारे ३९ टक्के प्रकाश पोहोचतो. फिल्मवर हे खपून जाते. डिजिटल संवेदकावर तिरप्या किरणांमुळे कडांना रंगछटाही चढतात. २००९च्या लायका एम९मध्ये हा दोष काही जुन्या भिंगांबरोबर ठळकपणे दिसला. २००६च्या लायका एम८चा संवेदक मात्र लहान असल्याने त्यावर २८ मिमीचे भिंग सुमारे ३७ मिमीसारखे वागते. म्हणजे एम८ बाळगणाऱ्याला ३५ मिमीचा अनुभव हवा असेल, तर त्याने २८ मिमीच घ्यावे.

जुने भिंग घेताना ते विजेरीच्या उजेडात आरपार पाहावे. कोकण-मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या भिंगांत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आढळते. ती काचेवरील लेप खाऊ लागली असेल, तर स्वच्छ करूनही डाग राहतो.