वंगण : बंडीच्या आखापासून मालट्रकच्या इंजिनापर्यंत



इतिहास हा शब्द उच्चारताच राजेरजवाडे, लढाया आणि तह हेच बहुधा आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु ज्या वस्तूंवाचून मनुष्याचा एक दिवसही सुरळीत जात नाही, त्यांनाही इतिहास असतो. आणि पुष्कळदा तो राजांच्या इतिहासापेक्षा अधिक उपयोगी पडतो. आज अशाच एका उपेक्षित वस्तूविषयी, म्हणजे वंगणाविषयी, मी चार शब्द सांगणार आहे.

निमित्त आमच्या दर्यापूरचेच आहे. येथून कापूस, तूर, हरभरा घेऊन परप्रांती जाणाऱ्या मालट्रकांच्या मालकांपुढे हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. इंजिनात नेहमीचे खनिज तेल घालावे, की त्याहून पुष्कळ महाग असे ‘सिंथेटिक’, म्हणजे कृत्रिम रीतीने सिद्ध केलेले तेल घालावे? ज्याच्यापाशी शंभर गाड्या आहेत त्याच्या पदरी हिशेब करणारी माणसे असतात. परंतु ज्याने कर्ज काढून एकच गाडी घेतली व जो ती स्वतः हाकतो, त्याचे इंजिन बसले की बँकेचा हप्ता, मुलांची फी आणि घरचा किराणा ही तिन्ही एकदम थांबतात. तेव्हा हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. त्याचे उत्तर मात्र दुकानातील डब्यावर सापडत नाही. ते शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

आगगाडी येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून दूर गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी व पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडातून मुंबईकडे प्रथमच मोठ्या प्रमाणावर कापूस पाठविला, तोही बैलांच्या पाठीवरूनच. पाठीवरील ओझ्याला वंगण लागत नाही. वंगणाची गरज चाकाबरोबर आली. पुढे रस्ते झाले, बंड्या वाढल्या, आणि आख व चाकाचा तुंबा यांच्यामधील घर्षण हा शेतकऱ्याच्या रोजच्या काळजीचा विषय झाला. बंडीखाली लटकणारे वंगणाचे नळकांडे जुन्या पिढीतील पुष्कळांनी पाहिले असेल. त्यात एरंडेल किंवा घाण्याच्या तळाशी उरलेले जाड तेल असे, आणि चिंधी गुंडाळलेल्या काडीने ते आखास लावीत. चाक करकरू लागले की बैलाच्या मानेवर भार वाढला, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नसे. घर्षणाचा नियम तो पुस्तकातून नव्हे, तर बैलाच्या चालीवरून शिकत होता.

एरंडेलाची योग्यता केवळ खेडवळ समजुतीवर उभी होती असे मात्र समजू नये. हे तेल दाट असते व धातूला घट्ट चिकटून राहते. पहिल्या महायुद्धात ज्या विमानांची इंजिने स्वतःभोवती गरगर फिरत, त्यांत एरंडेलच घालीत. कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नसे. इंग्लंडात वेकफील्ड यांनी १८९९ साली वंगणाचा व्यवसाय सुरू केला, आणि १९०९ च्या सुमारास आपल्या नव्या तेलास ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले. ते नाव एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरूनच घेतलेले आहे. म्हणजे आज ज्या नावाच्या पाट्या हमरस्त्यावर जागोजाग दिसतात, त्याचे मूळ आपल्या बांधावरच्या एरंडात आहे! परंतु एरंडेलात एक मोठा दोष होता. ते पुनःपुन्हा तापले की त्याचा राळेसारखा चिकट थर बसतो. बंडीच्या आखास तो चालून गेला. रात्रंदिवस तापणाऱ्या इंजिनास तो चालण्यासारखा नव्हता.

दरम्यान जगात दुसरी एक घडामोड झाली होती. १८५९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात टायटसव्हिल येथे ड्रेक याने विहीर खोदून खनिज तेल काढले. त्यातून दिव्याचे तेल वेगळे केल्यावर जो जड भाग उरे, तो वंगण म्हणून उत्तम ठरला. आपल्या देशातही आसामात दिग्बोई येथे १८८९ साली तेल लागले व १९०१ साली तेथे शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला. स्वस्त, मुबलक आणि लवकर न कुजणारे असे हे तेल असल्यामुळे प्राण्यांची चरबी व वनस्पतींची तेले हळूहळू मागे पडली. वऱ्हाडात १८६७ पर्यंत मुंबईची आगगाडी नागपुरास पोचली होती. पुढे १९१३ साली मूर्तिजापुराहून आमच्या बनोशावरून अचलपूरपर्यंत अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. लोकांनी तिला ‘शकुंतला’ म्हणून जीव लावला. १९९४ साली तिचे वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले, आणि अलीकडच्या वर्षांत तीही थांबली. तिचा माल रस्त्यावर, म्हणजे मालट्रकांवर आला.

वंगण नेमके करते काय, याचा उलगडाही याच काळात झाला. १८८३ च्या सुमारास इंग्लंडात बोशॅम टॉवर हे अभियंते फिरत्या आसावर प्रयोग करीत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी आसावरील धातूच्या आवरणास भोक पाडले, तो त्यातून तेल उलट वर येऊ लागले. त्यांनी बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर ढकलली गेली. यावरून ध्यानात आले की, फिरता आस तेलास ओढून स्वतःखाली दाबाचा एक पातळ पडदा तयार करतो आणि त्या पडद्यावर तरंगतो. १८८६ साली ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. तात्पर्य असे की, सुस्थितीतील यंत्रात फिरते धातू एकमेकांस बहुतांशी शिवतच नाहीत; त्यांच्यामधील तेलाचा पडदाच भार सोसतो. हा पडदा फाटणार नाही एवढा दाट आणि शक्ती वाया जाणार नाही एवढा पातळ असावा, यातच वंगणाचे सारे शास्त्र आले.

येथेच अडचण येते. तेल थंडीत दाट होते व उष्णतेत पातळ होते. १९२९ साली डीन व डेव्हिस या दोघांनी, कोणते तेल तापमानाप्रमाणे किती बदलते, हे मोजण्याची एक मापपट्टी ठरविली. पेनसिल्व्हेनियाचे तेल फार कमी बदले, म्हणून त्यास १०० गुण. मेक्सिकोच्या आखाताकाठचे तेल फार बदले, म्हणून त्यास शून्य. परीक्षेचे गुण देण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या मास्तरास ही पद्धत फार पटते. डब्यावरचे ‘१५डब्ल्यू-४०’ हे चिन्हही असेच वाचावे. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा उष्णतेत ते किती दाट राहते ते सांगतो.

आता सिंथेटिक तेलाकडे वळू. ते आजकालचे नवल नव्हे. १९२९ च्या सुमारास अमेरिकेतील स्टँडर्ड ऑइल ऑफ इंडियाना या कंपनीतील रसायनज्ञांनी लहान रेणू जोडून वंगण तयार केले. पण त्यास गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीस खनिज तेलाचा तुटवडा व रशियातील हाडे गोठविणारी थंडी या दोन्ही संकटांस तोंड द्यावे लागले, तेव्हा हेर्मान त्सोर्न प्रभृती रसायनज्ञांनी या तेलांवर पुष्कळ काम केले. नंतर जेट विमानांच्या अतिउष्ण इंजिनांनी त्यांचा पाठपुरावा केला. १९७० नंतरच्या दशकात ती मोटारींसाठी बाजारात आली. थोडक्यात, टंचाई, थंडी आणि अतोनात उष्णता या तीन गरजांनी या तेलास जन्म दिला. ज्यास यांपैकी एकही गरज नाही, त्याने ते घ्यावे काय, हा विचार येथूनच सुरू होतो.

यात नावाचाही एक घोटाळा आहे. सिंथेटिक म्हणजे मुळात लहान रेणूंपासून बांधलेले तेल. परंतु पुढे खनिज तेलावरच हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून जवळजवळ तितकेच निर्मळ तेल करता येऊ लागले. त्यास सिंथेटिक म्हणावे की नाही, यावर अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्यांत तंटा झाला. जाहिरातींच्या तक्रारी तपासणाऱ्या तेथील मंडळाने १९९९ साली निवाडा दिला की, असे म्हणण्यास हरकत नाही. तेव्हापासून एकाच नावाच्या डब्यांत दोन भिन्न कुळींची तेले विकली जातात. त्यातला बराच माल चांगला असतो, हे खरे. पण निव्वळ नावास भुलून जास्त दाम मोजणे हे शहाणपण नव्हे.

दुसरी गोष्ट अशी की, इंजिनाचे रक्षण नुसते मूळ तेल करीत नाही. डिझेल इंजिनात काजळी फार होते. १९३५ च्या सुमारास अमेरिकेत कॅटरपिलरच्या इंजिनांत पिस्टनच्या रिंगा राळेने चिकटून बसू लागल्या, तेव्हा तेलात मळ धुणारी द्रव्ये मिसळण्याचा उपाय निघाला. आपल्याकडे १९५४ साली टाटांनी जर्मन कंपनीच्या सहकार्याने जमशेदपुरास मालट्रक बांधण्यास आरंभ केला, तोवर ही द्रव्ये जगभर रूढ झाली होती. डिझेलमधील गंधकापासून होणारे आम्ल मारण्याचे कामही हीच द्रव्ये करतात. एकेकाळी आपल्या डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक असे; १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मान लागू झाल्यावर ते दहा लाख भागांत १० भागांवर आले आहे. म्हणून जुन्या काळी जे तेल लवकर नासत असे, ते आता अधिक टिकते.

आता हिशेब करू. समजा, इंजिनात १५ लिटर तेल मावते. साधे तेल ३०० रुपये लिटर आणि सिंथेटिक ६०० रुपये लिटर आहे. साधे तेल २०,००० किलोमीटरला बदलावे लागले, तर ८०,००० किलोमीटरांत चार वेळा मिळून १८,००० रुपये होतात. सिंथेटिक ४०,००० ला बदलले, तर दोन वेळा मिळून तितकेच १८,००० होतात. शिवाय दोन वेळचे फिल्टर, मजुरी व गाडी उभी राहण्याचे दिवस वाचतात. परंतु महाग तेल घालूनही मालकाने ते भीतीने २०,००० लाच काढून टाकले, तर ३६,००० रुपये जातात आणि पदरी काहीच पडत नाही. उलट इंजिन बनविणाऱ्याने परवानगी दिली नसताना लोभाने मुदत लांबविली, तर तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, अशी गत होते.

यावरून दोन प्रकारचे मालक वेगळे काढता येतात. जो वर्षभर दर्यापुराहून दूर दक्षिणेस किंवा उत्तरेस धावतो, ज्याची गाडी वर्षाकाठी लाखभर किलोमीटर पळते आणि ज्याच्या निर्मात्याने लांब मुदत मान्य केली आहे, त्यास महाग तेल परवडते. जो काश्मीर-लडाखच्या थंडीत जातो, त्यास तर ते हवेच. परंतु ज्याची गाडी कापसाच्या हंगामात जिनिंग कारखान्यापर्यंत खेपा घालते व एरवी उभी असते, त्याचे तेल अंतरापेक्षा काळानेच बदलावे लागते. त्यास योग्य प्रतीचे साधे तेल वेळेवर बदलणे हेच किफायतशीर.

आमच्या उन्हाळ्याची सबब सांगून महाग तेल खपविले जाते, तीही पुरती खरी नाही. वैशाखात पारा ४५ अंशांवर गेला, तरी इंजिनाचे तापमान मुख्यत्वे पाण्याची शीतनव्यवस्था सांभाळते. ती बिघडली, रेडिएटर चोंदला, तर कोणतेही तेल फार काळ तारणार नाही. आणि पूर्णाकाठच्या काळ्या मातीची जी बारीक धूळ उडते, ती हवेच्या फिल्टरमधून आत गेली, तर सोन्याच्या मोलाचे तेलही तिच्यापुढे हतबल होते. तेथे शंभर रुपयांची काळजी हजारांचे काम करते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. बीएस-६ गाडीच्या धुराड्यात काजळी अडविणारी जाळी असते. तेलातील काही द्रव्ये जळून जी राख होते, ती त्या जाळीत साचते व जळून जात नाही. म्हणून अशा गाडीस कमी राखेचे तेल लागते. २०१६ च्या अखेरीस आलेली सीके-४ ही त्यांपैकी एक प्रत होय. जुन्या प्रतीचे तेल, मग ते सिंथेटिक का असेना, तेथे घालू नये. तेव्हा मालकाने आधी गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकातील प्रत व दाटपणाचा आकडा पाहावा, मग निर्मात्याने दिलेली मुदत पाहावी, आणि साधे की सिंथेटिक हा प्रश्न त्यानंतर, आपल्या खेपांच्या हिशेबाने सोडवावा.

जाता जाता एक विनंती. इंजिनातून निघालेले जळके ऑइल खेड्यांत बंडीच्या आखास किंवा वाळवी लागू नये म्हणून लाकडास फासण्याची चाल आहे. ते तेल विषारी असते; कायद्यानेही ते घातक कचऱ्यात मोडते. ते चंद्रभागेच्या पात्रात वा शेतात न ओतता, त्याचे पुनःशुद्धीकरण करणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्यावे. बंडीवाला आपल्या आखाचे करकरणे ऐकून वंगण लावीत असे. मालट्रकचे इंजिन असे करकरून आधी सांगत नाही; म्हणून त्याच्या मालकाने वेळीच वाचावे, मोजावे आणि मगच डबा उघडावा.