अंगणवाडीतलं अंगण



अंगणवाडी म्हटलं की आपल्याला खिचडी आठवते, वजनकाटा आठवतो, लसीचा दिवस आठवतो. पण या नावातला पहिला शब्द आहे अंगण. तो कुठून आला, ते आज आम्ही सांगणार आहोत.

ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. लहान मुलाला धाकात गप्प बसवलं की झालं शिक्षण, अशी तेव्हा समजूत होती. ताराबाईंना ते पटत नव्हतं. मूल हातपाय हलवत, खेळत शिकतं आणि धाकानं त्याचं मन कोमेजतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

१९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ होत्या. बालवाडी निघाली, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. आईबाप कामावर आणि धाकटं भावंड मुलांच्या गळ्यात. मग बालवाडीच वस्तीवर गेली. तिथल्याच अंगणात मुलं जमली, धाकट्या भावंडांसकट. हीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. महागडी खेळणी नव्हतीच. शिंपले, बिया, पानं, खडे यांवरच भागलं.

२ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव गावोगाव पोचलं. आहार, लसीकरण, तपासणी यांच्यासोबत शाळेआधीचं शिक्षणही त्या योजनेत आहे. पण घरी विचारपूस होते ती खिचडीची. “आज काय खेळलास?” हे क्वचितच विचारलं जातं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान ३ तास हालचाल व्हावी. ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी १ तास तरी धावावं, खेळावं. त्यानं हाडं बळकट होतात, तशी मनाची उदासीही कमी होते.

आपल्या पवनीकडे लगोरीला, आट्यापाट्याला, फुगडीला पैसा लागत नाही. पण बोर्डीची जुनी अडचण आपल्याही घरात आहे. रोवणीच्या दिवसांत आई बांधीत आणि दहा वर्षांच्या पोरीच्या कडेवर भावंड. ती खेळणार कधी?

म्हणून येत्या बैठकीत हिशेब झाला की हा विषय घ्या. वस्तीतलं एक अंगण ठरवा. शेतावर न जाणाऱ्या एखाद्या आजीला लेकरांवर लक्ष ठेवायला सांगा, म्हणजे पोरींना तासभर मोकळं खेळता येईल.

आणि एखादं लेकरू कित्येक दिवस गुमसुम असेल, खेळायलाही नको म्हणत असेल, तर त्याला रागावू नका. डॉक्टरांना दाखवा. टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर मोफत बोलता येतं.