मुरगावची ती रात्र : किती खरी, किती कादंबरी?

जेम्स लीझर यांचं ‘बोर्डिंग पार्टी’ (१९७८) खरी घटना सांगतं, पण लिहिलंय हेरकादंबरीच्या थाटात. १९८०चा ‘द सी वुल्व्ह्ज’ हा सिनेमा त्यावरच बेतलेला. वाचून झाल्यावर बहुतेकांचा एकच प्रश्न असतो : असं खरंच घडलं असेल?

हकिकत थोडक्यात अशी. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ; म्हणून एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स ही जर्मन आणि अन्फोरा हे इटालियन जहाज मुरगाव बंदरात आसऱ्याला थांबली. एहरेनफेल्सवरच्या छुप्या ट्रान्समीटरवरून पाणबुड्यांना खबर जाते, असा ब्रिटिशांचा संशय. ९ मार्च १९४३च्या रात्री त्यांनी त्यावर छापा घातला.

आता गंमत बघा. वाचकाला जे सगळ्यात अशक्य वाटतं, तेच खरं आहे. छापा घालणारे कोण? कलकत्ता लाइट हॉर्स या राखीव पथकातले, कचेऱ्यांत नोकरी करणारे मध्यमवयीन लोक. वाहन कोणतं? ‘फीबी’ नावाचा, गाळ वाहणारा संथ बार्ज. तो कलकत्त्याहून वळसा घालून आला. मंडळी रेल्वेनं कोचीनला जाऊन त्यावर चढली. याला कारण होतं. नियमित फौज धाडली असती तर तटस्थतेचा उघड भंग झाला असता. एहरेनफेल्सचा कप्तान मारला गेला आणि खलाशांनी चारही जहाजं स्वतःच बुडवली.

उलट जे सहज पटतं, की ट्रान्समीटर गेला नि पाणबुड्या आंधळ्या झाल्या, तिथे माझ्यातला इंजिनिअर अडखळतो. शॉर्टवेव्हला अंतराचं वावडं नाही, हे मान्य. पण त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जर्मन पाणबुड्यांचा गट दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ होता, इथून हजारो किलोमीटरवर. मुंबईहून सुटलेलं जहाज तिथे पोचेपर्यंत त्याची खबर शिळी झालेली. शिवाय इंधन आणि टॉर्पेडो संपले की पाणबुडी परततेच. छाप्यानंतर जहाजं बुडणं कमी झालं, एवढ्यावरून ते छाप्यामुळेच झालं असं ठरत नाही.

म्हणून मुरगावचा इतिहास सांगताना दोन प्रश्न वेगळे ठेवूया : काय घडलं, आणि त्यामुळे काय झालं. पहिल्याचं उत्तर पक्कं आहे, दुसऱ्याचं अजून नाही. आणि या कथेत गोंयकार जवळजवळ दिसतच नाहीत. त्या रात्री जळती जहाजं पाहिलेल्यांच्या आठवणी कुणाच्या घरात असतील, तर त्या आताच लिहून ठेवायला हव्यात.