पद्मिनीचा कार्ब्युरेटर : दोष कसा ओळखावा?

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन अडखळू लागले, की पहिला संशय कार्ब्युरेटरवर घेतला जातो. तथापि तो उघडण्यापूर्वी प्लग, कॉन्टॅक्ट पॉइंट आणि टायमिंग तपासणे इष्ट. ठिणगी क्षीण असल्यासही लक्षणे तशीच दिसतात.

त्यानंतर प्लगचा रंग पाहावा. फिकट तपकिरी रंग योग्य मिश्रणाचा निदर्शक होय. काळी, कोरडी काजळी पेट्रोल जास्त, तर पांढुरकेपणा ते कमी असल्याचे सुचवतो. काजळी आढळल्यास चोक पूर्ण उघडतो का आणि एअर फिल्टर स्वच्छ आहे का, हे पाहावे. चोक किंचित ओढताच इंजिन सुधारले, तर पेट्रोल कमी पडत आहे. कार्ब्युरेटरखालच्या गॅस्केटमधून हवा शिरत असावी. गाडी वेगात सुरळीत, पण सिग्नलला बंद पडत असल्यास बहुधा आयडल जेट तुंबलेला असतो. तो तारेने कोरू नये, छिद्र मोठे होते; हवेच्या दाबाने साफ करावा.

पेट्रोल सतत कमी पडल्यास एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतो. २०२५ मध्ये देशभर रूढ झालेल्या २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलमुळे मिश्रण आणखी विरळ होते आणि जुन्या रबरी नळ्याही खराब होतात. गळतीतून आगीचा धोका असल्याने त्या वेळीच बदलणे श्रेयस्कर.