‘हात लावू नये’ या पाटीची गोष्ट

गुडीहत्नूरच्या माणसाला मोठे शहर दोन दिशांना आहे. हमरस्ता उत्तरेला नागपूरला जातो, दक्षिणेला हैदराबादला. आधीच्या पिढीला वस्तुसंग्रहालय म्हटले की हैदराबादचे सालारजंगच आठवे. ते १९५१ साली खुले झाले. तिथल्या घड्याळातला चिमुकला माणूस तासाचे ठोके देतो आणि लोक आधीपासून जागा धरून बसतात. ठोके पडतात कसे, हे मात्र उघडून पाहता येत नाही. वस्तू मौल्यवान आहे; तिथे ‘हात लावू नये’ रास्तच.

ही पाटी उलटी करणाऱ्यांत फ्रँक ओपेनहायमर यांचे नाव मोठे. अणुबॉम्बच्या प्रकल्पातल्या रॉबर्ट यांचे हे धाकटे भाऊ, स्वतः पदार्थवैज्ञानिक. राजकीय संशयापायी विद्यापीठ सुटले, तेव्हा त्यांनी कोलोरॅडोत गुरे पाळली, मग शाळेत शिकवले. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी ‘एक्स्प्लोरेटोरियम’ उघडले आणि उपकरणे बनवणारा कारखाना पाहुण्यांच्या डोळ्यांसमोरच ठेवला.

आपल्याकडे मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्राचे प्रकाशावरचे पहिले दालन १९७७ साली आले, मुलांचे विज्ञान उद्यान १९७९ साली, आणि पूर्ण केंद्र ११ नोव्हेंबर १९८५ रोजी. नागपूरचे रामन विज्ञान केंद्र ७ मार्च १९९२ रोजी सुरू झाले. (रामन स्वतः १९१० च्या सुमारास सरकारी हिशेबखात्यातल्या नोकरीसाठी नागपुरात होते.)

अशा केंद्रांत हमखास दिसणारे एक उपकरण घ्या. दोन शंकू बुडाला बूड जोडलेले, आणि पुढे फाकत, चढत गेलेले दोन रूळ. शंकू खाली ठेवला की तो चढावर जातो! खरे तर रूळ फाकत गेल्याने त्याचा गुरुत्वमध्य खालीच उतरत असतो. रूळ किती फाकावेत, चढ किती असावा, हे गणित शास्त्रज्ञाचे. पण शंकू कुणी उचलून नेऊ नये, बोट चेंगरू नये, सहलीची शंभर पोरे येऊन गेल्यावरही रूळ वाकू नयेत, हे संग्रहालयाच्या फिटरला ठाऊक. कागदावरची आकृती त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय दालनात टिकत नाही. पाटीवर शास्त्रज्ञाचे नाव येते, फिटरचे नाही. हे मला खटकते.

आपल्या भागातल्या मुलांचा प्रश्न आणखी निराळा. घरी मराठी, कुणाकडे गोंडी, आणि शाळेत तेलुगू. मराठीतला गुरुत्वमध्य तेलुगू पुस्तकात ‘गरिमनाभि’ होतो. परीक्षेत शब्द अडला की विषयच अडला असे पोराला वाटते. शंकू चढताना मात्र त्याला कोणतीच भाषा आडवी येत नाही. पाटी तो नंतर वाचतो, वाचली तर.

पुण्याला ‘आयुका’त जयंत नारळीकरांच्या प्रयत्नांतून आणि पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ उभी राहिली. इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’: सप्तर्षींतला तारा, आणि त्यात ‘पुल’ही दडलेले. तिथे अरविंद गुप्ता यांनी २००३ पासून दशकभर टाकाऊ वस्तूंची खेळणी केली. त्यांचा जुना प्रयोग १९७८ चा, होशंगाबाद भागातला: आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबच्या तुकड्यांनी जोडायच्या. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. पुलांच्या सांगाड्यांत त्रिकोण का असतात, ते बोटांना कळते. त्यासाठी नागपूरही गाठायला नको. व्हॉल्व्हट्यूब सायकलच्या दुकानात मिळते.