किल्लीचा बिघाड हवेत गेला त्याची गोष्ट

२०१९च्या वसंतात अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या नॉर्थ ओल्मस्टेड या उपनगरात गाड्या रिमोटला दाद देईनाशा झाल्या. बिघाड एका गाडीचा असता तर मालक मुकाट्याने गॅरेजात गेला असता. इथे मात्र आसपासच्या गल्ल्यांतल्या अनेक गाड्या आणि गॅरेजची दारंही एकदमच रुसली होती. वीज कंपनीची माणसं यंत्रं घेऊन फिरली. जिथे रेडिओलहरी सर्वांत तीव्र, तिथली वीज बंद करून पाहिली, तरी त्या थांबेनात. अखेर उगम सापडला एका घरात. तळघरात काम करताना वर कुणी आलं तर कळावं, म्हणून तिथल्या हौशी रहिवाशाने स्वतःच एक उपकरण जुळवलं होतं. ते ३१५ मेगाहर्ट्झवर अखंड बडबडत होतं आणि चालत होतं बॅटरीवर. बॅटरी काढली आणि गल्लीतली दारं पुन्हा उघडू लागली.

किल्ली लोखंडाची होती तोवर तिचा बिघाड हाताला लागायचा. दात झिजले, कुलपात धूळ बसली, फार तर किल्ली आतच मोडली. गेल्या चाळीसेक वर्षांत हा बिघाड धातूतून हवेत गेला, आणि तोही टप्प्याटप्प्याने. प्रत्येक टप्प्याने मागे आपापली तक्रार ठेवली आहे.

पहिला टप्पा अगदी साधा. १९८०मध्ये फोर्डने थंडरबर्डसारख्या काही गाड्यांच्या दारावर पाच बटणांची पट्टी बसवली. एकेका बटणावर दोन आकडे, संकेत पाच आकडी. आकडे दहा दिसत असले तरी बटणं पाचच, म्हणून खऱ्या जुळण्या अवघ्या ३,१२५. चिकाटीच्या चोराला ही संख्या फार मोठी नव्हे. दोनच वर्षांनी फ्रान्समध्ये रेनॉ फुएगो या गाडीला दुरून दार उघडणारं रिमोट मिळालं. पॉल लिपशुट्झ यांच्या कल्पनेतून आलेलं हे रिमोट अवरक्त किरणांवर चाले, म्हणजे टीव्हीच्या रिमोटप्रमाणे नेम धरावा लागे.

रेडिओलहरी आल्या आणि नेम धरण्याची कटकट गेली, पण चोरांची सोय झाली. सुरुवातीची रिमोट दर वेळी तोच संकेत पाठवत. तो हवेतून टिपायचा आणि मालक गेला की पुन्हा वाजवायचा, एवढंच काम उरलं. उपाय दक्षिण आफ्रिकेतून आला. नॅनोटेक कंपनीत १९८०च्या दशकात तयार झालेल्या ‘कीलॉक’ पद्धतीत प्रत्येक दाबणीला संकेत बदलतो, आणि गाडी व रिमोट आपापली मोजणी ठेवतात. १९९५मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने ती विकत घेतली.

ही मोजणी दुरुस्तीवाल्यांसाठी नवं प्रकरण ठरली. रिमोट पोराच्या हाती लागलं आणि गाडीपासून दूर बसून त्याने मनसोक्त बटण दाबलं, तर मोजणी पुढे जाते आणि गाडी मागे राहते. कीलॉकमध्ये पुढचे १६ संकेत गाडी निमूटपणे मान्य करते. त्यापलीकडे गेल्यास लागोपाठचे दोन संकेत मागते, म्हणून बटण दुसऱ्यांदा दाबल्यावर दार उघडतं. ‘कधी चालतं, कधी नाही’ या तक्रारीमागे कधीकधी एवढंच असतं, आणि त्यासाठी कोणी नवं रिमोट विकू लागला तर ग्राहकाने जरा थांबावं.

१९९०च्या दशकात युरोपने नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला, म्हणजे किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा. किल्लीच्या डोक्यातल्या चिपला स्वतःचा सेल नसतो. इग्निशनभोवतीच्या कॉइलकडून ऊर्जा घेऊनच ती उत्तर देते. निदानाच्या दृष्टीने ही मोठी देणगी आहे. आजही अनेक गाड्यांत मेलेलं रिमोट स्टार्ट बटणाला किंवा ठरलेल्या जागी टेकवलं की इंजिन सुरू होतं. तसं झालं तर चिप शाबूत आहे आणि दोष सेलमध्ये किंवा रेडिओच्या बाजूला शोधायचा, हे दोन मिनिटांत कळतं.

१९९८च्या मर्सिडीज एस-क्लासबरोबर ‘कीलेस-गो’ आलं आणि किल्ली खिशातून काढायचीही गरज उरली नाही. हँडलला हात लागला की दारातला अँटेना कमी वारंवारतेची हाक देतो, साधारण १२५ किलोहर्ट्झची. ती मीटर-दोन मीटरपर्यंतच पोचते. खिशातलं रिमोट जागं होऊन उत्तर देतं ते वरच्या वारंवारतेवर: अमेरिकेत ३१५ मेगाहर्ट्झ, युरोपात आणि आपल्याकडे बहुधा ४३३. जाणता कारागीर याच दोन वाटा वेगळ्या करून पाहतो. बटण दाबून दार उघडतं पण हँडलने नाही, तर हँडलचा सेन्सर, त्यात शिरलेलं पाणी किंवा दारातला अँटेना संशयित. दुसरी किल्ली व्यवस्थित चालते, तर पहिलीचा सेल. दोन्ही किल्ल्या गप्प, तर गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आधी मोजायची. आणि एकाच जागी उभी असताना गाडी हट्ट करत असेल, तर आसपास कोणतं उपकरण चालू आहे ते पाहायचं. स्कॅनर लावण्याआधीची ही चौकशी फुकट होते, म्हणूनच बहुधा टाळली जाते.

या दोन वाटा चोरांनाही उपयोगी पडण्याजोग्या होत्या. २०११मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर प्रयोग प्रसिद्ध केला. गाडीची हाक दुसऱ्या अँटेनाने लांबच्या किल्लीपर्यंत नेली की गाडीला किल्ली जवळच आहे असं वाटतं. संकेत फोडायची गरजच नाही. दहाही मॉडेलं फसली.

यावर २०१९मध्ये फोर्डने युरोपातल्या फिएस्टा आणि फोकसच्या किल्लीत हालचाल ओळखणारा सेन्सर घातला. ४० सेकंदांहून जास्त वेळ ती निश्चल राहिली की झोपी जाते, आणि मग कोणाच्याही हाकेला उत्तर देत नाही. गाडीशेजारी पिशवी खाली ठेवून गप्पा मारत उभ्या राहिलेल्या मालकाला दार उघडलं नाही, तर पिशवी उचलून पुन्हा हँडलला हात लावायचा. सेल बदलायला घेण्याआधी किल्ली या जातीची आहे का, एवढं कारागिराने विचारून घ्यायचं.